न दुखणारा खांदा

तीस वर्षं तो घरांची छतं रंगवत आला. शेवटी उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत नेमक्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "दुखणं थांबेल, पण आतला स्नायू अर्धा फाटलाय. महिनाभर हात वर करायचा नाही."

संध्याकाळीच हात अलगद वर गेला. ठेकेदार मेहुणा खूश झाला. "दाजी, उद्यापासून छतं तुमचीच."

"अरे, डॉक्टर नको म्हणालेत," बायको म्हणाली.

"ताई, दुखतच नाही तर आजार कसला?"

त्यालाही ते पटलं. चौथ्या दिवशी रोलर हातातून गळून पडला. स्नायू पुरता तुटला होता.

आता छतांना दुसरा माणूस आहे. त्याच्या रोलरवरून फरशीवर पडलेले थेंब हा डाव्या हाताने खरवडतो.