वेणूबाईंच्या गडूतल्या सुपाऱ्या

रेवदंड्याच्या वेणूबाईंना गप्प बसलेले कुणी पाहिले नव्हते. वाडीत पोफळींना पाणी लावायला येणाऱ्या भागोजीला त्या पाणी लावायची रीत सांगत, देवळातल्या गुरवाला घंटा कशी वाजवावी ते सांगत, आणि अण्णांना, म्हणजे आपल्या यजमानांना, राहिलेले सगळे सांगत. अण्णांना कमी ऐकू येते अशी गावात समजूत होती. तसे काही नव्हते, पण अण्णांनी ती समजूत कधी खोडून काढली नाही.

त्यांचा मुलगा विश्वंभर मुंबईत कारकून होता आणि खाणावळीत जेवत होता. सून गोदू रेवदंड्यास. एका पगारात मुंबईला बिऱ्हाड होत नव्हते. गोदू शिकून मुलींच्या एखाद्या शाळेत लागली तर होणार होते. म्हणून विश्वंभराने तिचे नाव पुण्याच्या बायकांच्या विद्यापीठात घातले. तिथे मराठीतून शिकता येई, घरी बसून अभ्यास चाले आणि परीक्षेपुरते तेवढे मुंबईस जावे लागे. विषय पुष्कळ होते, पण घरात गाजले ते तीन : इतिहास, राज्यशास्त्र आणि आरोग्यशास्त्र.

पुस्तकांचे पार्सल आले तेव्हा अण्णांनी पंचांगातून डोके वर काढले आणि पुन्हा खाली घातले. वेणूबाईंनी मात्र अट घातली.

"वाचायचं तर मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या. "मनात वाचणारी बाई अभ्यास करतेय की कादंबरी वाचतेय, हे बाहेरून कळायचं कसं?"

त्यामुळे दुपारची जेवणे आटोपली की मागच्या पडवीत वर्ग भरू लागला. वेणूबाई वाळलेल्या सुपाऱ्या सोलत बसत आणि गोदू खांबाला टेकून वाचे. पहिले आठ दिवस वेणूबाईंनी पहारेकऱ्याच्या नजरेने ऐकले. नवव्या दिवशी घरी पाहुणे आले म्हणून वाचन राहिले, तेव्हा पाहुण्यांसमोरच त्यांनी विचारले, "अगो, त्या फ्रान्सच्या राजाचं पुढे काय झालं?"

तिथून पुढे पहारा संपला आणि सुधारणा सुरू झाल्या. वेणूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, पण पुस्तक लिहिणाऱ्याला काय काय कळत नाही हे त्यांना लगेच कळे. पानिपतचे वर्णन संपले की त्या विचारत, "एवढी लाखभर माणसं, त्यांच्या भाताचं कोण बघत होतं? ते नाही ना लिहिलं? मग हरतील नाही तर काय." विलायतेच्या राज्यकारभारात दोन सभा असतात हे ऐकून त्यांना जराही नवल वाटले नाही. "आपल्याकडे तसंच आहे," त्या म्हणाल्या. "लग्न ओटीवर पुरुष ठरवतात आणि माजघरात बायका मोडतात." गोदू हसे, आणि ते तिच्या लक्षात राही. पुस्तकातले तेवढे राहत नसे.

आरोग्यशास्त्रात तर वेणूबाई स्वतःच प्राध्यापक झाल्या. पाच बाळंतपणे स्वतःची आणि वीसेक दुसऱ्यांची त्यांनी निस्तरलेली. पुस्तकात होते की अर्भकास दर तीन तासांनी घड्याळ पाहून पाजावे. वेणूबाईंच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

"रडलं की पाजावं," त्या म्हणाल्या. "भूक मुलाला लागते. घड्याळाला लागते होय?"

तिसऱ्या वर्षी, सन सत्तावीसच्या मार्चात, गोदू बैलगाडीने रेवसला आणि तिथून बोटीने मुंबईला जाऊन पदवीची परीक्षा देऊन आली. वैशाखात विश्वंभराचे पत्र आले. इतिहास आणि राज्यशास्त्र सुटले होते. आरोग्यशास्त्रात चार गुण कमी पडले होते.

गोदू दिवसभर कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना वेणूबाईंनी तिला धरलेच.

"काय विचारलं होतं गो?"

"अर्भकाला कसं पाजावं ते. आणि विहिरीचं पाणी पिण्याजोगं कसं करावं ते."

"मग? येत होतं ना तुला?"

गोदू खाली बघत म्हणाली, "आई, तिथं बसल्यावर मला तुमचाच आवाज ऐकू आला. मी तेच लिहिलं."

आपण एवढे बरोबर सांगितले आणि पोरीचे वर्ष गेले, हे वेणूबाईंना आत कुठेतरी फार लागले. त्या रागावल्या तपासणाऱ्यावर, पण रडल्या गोदूसाठी.

एवढ्यात अण्णा तीन वर्षांत पहिल्यांदा या विषयावर बोलले. "एकदा बसली. आणखी एकदा बसू दे. त्यानंतर पुस्तकं माळ्यावर." अण्णा क्वचित बोलत, त्यामुळे बोललेले बदलत नसत. म्हणजे आता एकच खेप उरली होती. गोदू मुंबईला संसार मांडणार, की पोफळींच्या सावलीत बसून नवऱ्याच्या पत्रांची वाट बघणार, हे त्या एका खेपेवर होते.

आषाढी एकादशीला देवळात बायका चातुर्मासाचा नेम धरत होत्या. कुणी वांगी सोडली, कुणी कांदा, कुणी एकभुक्त राहायचे ठरवले. वेणूबाई देवापुढे हात जोडून म्हणाल्या, "दुपारी सुनेचं वाचन चालू असेस्तोवर माझं मौन."

शेजारच्या नीराबाईंनी त्यांचा दंड धरला आणि काळजीने म्हटले, "वेणू, तू आपली वांगीच सोड."

पण वेणूबाईंनी नेम घेतला. पहिल्याच दुपारी पुस्तकाने सांगितले की बाळंतिणीच्या खोलीची खिडकी सदैव उघडी ठेवावी. वेणूबाईंनी तोंड उघडले. बाहेर आषाढाचा पाऊस आडवा येत होता आणि समुद्रावरचा वारा कौले हलवत होता. नेम आठवला तसे त्यांनी तोंड मिटले, आणि हातात होती ती सुपारी जवळच्या रिकाम्या पितळी गडूत टाकली. ठण्ण. त्यांना जरा बरे वाटले. ही सुपारी या खिडकीची, त्यांनी मनाशी ठरवले. परीक्षा होऊन जाऊ दे, मग एकेक काढीन आणि एकेक बोलेन.

बारीकसारीक चुका त्यांनी पुस्तकवाल्याला माफ केल्या. अगदीच असह्य झाले तरच सुपारी पडे. एखाद्या दिवशी पडतच नसे, एखाद्या दिवशी लागोपाठ तीन. सुपाऱ्यांच्या करंड्या उचलायला आलेला भागोजी एकदा तो ठणठणाट ऐकून थबकला. "आज लय पडल्या, आई," तो म्हणाला. "पुस्तकवाल्याचं काय बरं न्हाय." वेणूबाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले, कारण वाचन चालू होते.

कार्तिकी एकादशीला गावातल्या बायकांनी नेम सोडले आणि वांग्यांचा भाव चढला. वेणूबाईंनी सोडला नाही. "परीक्षा फाल्गुनात आहे," त्या म्हणाल्या. "नेमही फाल्गुनात सुटेल. देवाला काय घाई आहे?" बाकीच्या वेळी त्या दुप्पट बोलून भरपाई करत, हे अण्णा सांगू शकले असते. पण दुपारचे ते दोन तास पडवीत गोदूचा आवाज असे आणि मधूनच ठण्ण. गोदू तेवढ्यापुरती थांबे, पुस्तकावर वाके आणि पुढे वाचू लागे.

मार्चात ती परीक्षा देऊन आली आणि वैशाखात पत्र आले. गोदू पास झाली होती. एका मुलींच्या शाळेत जागाही ठरली होती आणि विश्वंभराने गिरगावात दोन खोल्या पाहिल्या होत्या. पावसाने बोटी बंद होण्याच्या आत तिला निघायचे होते. वेणूबाईंनी गावभर पेढे वाटले. मग घरी आल्या आणि त्यांना कळले की आपण वर्षभर तोंड दाबून बसलो ते पोरीला घराबाहेर पाठवायलाच.

निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी गडू पडवीत उपडा केला. त्रेसष्ट सुपाऱ्या निघाल्या. वेणूबाईंनी एक उचलली. फिरवून पाहिली. ती कशाची होती? दुसरी उचलली. खिडकीची कुठली आणि पाण्याची कुठली? सुपाऱ्या सगळ्या सारख्या. त्यांना एकही आठवेना. उद्या ऐकणारी जाणार आणि सांगायचे सगळे आजच हरवले होते. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

गोदू ट्रंक भरत होती. तिने ते पाहिले, ट्रंकेत अगदी तळाशी ठेवलेली पुस्तके पुन्हा बाहेर काढली आणि येऊन नेहमीच्या खांबाला टेकून बसली.

"ही खिडकीची," तिने पान उघडून दाखवले. ओळीच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण होती. पुढच्या पानावर दोन खुणा, त्याच्या पुढे आणखी एक. "गडूत वाजलं की मी तिथं खूण करत होते. तुमच्या त्रेसष्ट आहेत ना? माझ्याही त्रेसष्टच आहेत."

वेणूबाई खुणांकडे बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकातले काहीतरी त्यांना वाचता आले होते.

"परीक्षेला मी पुस्तकातलं लिहिलं," गोदू म्हणाली. "पण आता मुलींना मलाच शिकवायचंय. त्यांना दोन्ही सांगीन. बोला आई, 'अर्भकास दर तीन तासांनी घड्याळ पाहून पाजावे.'"

वेणूबाईंनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि सुरुवात केली. गोदू समासात लिहीत गेली. पण वेणूबाईंचा आवाज अजून रडका होता, जेमतेम खांबापर्यंत पोचत होता.

"अगो, जरा मोठ्यानं बोल," ओटीवरून अण्णा म्हणाले. "इथं ऐकू येत नाही."