मर्जीचा कागद

"पेशंट महाराष्ट्राचा हाय. इथं कामून आणलाव?"

खिडकीतल्या माणसानं माझ्या बहिणीचं आधार कार्ड बाहेर भिरकावलं. ते कट्ट्यावरून घसरून खाली पडलं. माझी अव्वा, म्हणजे आई, ते उचलायला वाकली. वाकली ती वाकलीच. तशीच हात जोडून म्हणाली, "साहेब, लेक हाय माझी. पयलं बाळंतपण हाय. माहेरी आणलंय."

"मग सासरी न्या."

रांगेत कुणीतरी हसलं.

बहीण मागं भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. नववा महिना लागलेला. पाय असे सुजलेले की तिच्या चपला मी हातात धरून आणल्या होत्या. सकाळपासून ती एकच सांगत होती, "अक्का, डोकं लय दुखायलंय. डोळ्याम्होरं अंधारी यायलीय." गावातल्या आशाताईनं तिचा बीपी बघितला आणि आशाताईचाच चेहरा उतरला. "घरी थांबू नका. झटके यायच्या आत दवाखाना गाठा," म्हणाली. तिला मीटिंगला बिदरला जायचं होतं. तिनंच टमटम बोलावून आम्हाला बसवून दिलं. तेव्हापासून दर दोन मिनिटांनी मी मागं वळून बहिणीकडं बघत होते, झटका आला का, आला का.

तालुक्याचा सरकारी दवाखाना. कुठल्या तालुक्याचा ते लिहीत नाही, कारण हे त्या एकट्याच दवाखान्याचं नाही.

आमचं गाव कानडी मुलखातलं, ठाणाकुशनूरच्या बाजूचं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. आमच्या निम्म्या लेकी पलीकडं महाराष्ट्रात दिलेल्या आणि निम्म्या सुना पलीकडून आणलेल्या. सोयरीक जमवताना कुणी राज्य विचारत नाही. बहीण उदगीरजवळच्या एका खेड्यात दिली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. सातव्या महिन्यात ओटी भरून तिला इकडं आणली. राज्य बदललं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

चूक आमचीच, असं अव्वा अजून म्हणते. लग्न झालं त्याच महिन्यात तिनं रेशन कार्डावरून बहिणीचं नाव कमी करून घेतलं. दिलेल्या लेकीचं नाव माहेरच्या कार्डावर ठेवणं आमच्याकडं कमीपणाचं. लोक टोमणे मारतात, लेक दिली आणि तिच्या वाटणीचं धान्य खायलेत म्हणून. अव्वा दोन हेलपाटे घालून नाव कमी करून आली आणि तो दाखला मोठ्या अभिमानानं लेकीच्या हातात दिला. दाखला कानडीत. पलीकडच्या ऑफिसात म्हणाले, हे इथं कोण वाचणार, मराठीत आणा. सासऱ्यानं आधारवरचा पत्ता तेवढा बदलून घेतला, बाकीचं राहून गेलं. म्हणजे माझी बहीण इथल्या कार्डात नव्हती, तिथल्याही नव्हती. तिच्या पोटातलं तर कुठंच नव्हतं.

"रेशन कार्ड न्हाई?" खिडकीतला म्हणाला.

"हाय की साहेब, आमचं हाय."

"ह्यात तिचं नाव इल्ला." मग त्यानं कार्डावरचा पत्ता नीट वाचला. मान वर करून विचारलं, "गावात कुठल्या गल्लीचे?"

अव्वानं सांगितलं. गल्ली सांगितली की पुढचं काही सांगावं लागत नाही. त्याचा 'तुम्ही' तिथंच 'तू' झाला. "तिकडं बस जा. आन खिडकीला हात लावू नको."

आम्ही बसलो. नऊ वाजले होते.

रांगेच्या कडेला एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांना शिपायानं खुर्ची आणून दिली होती. मोठ्या घरचे, आमच्यासारखंच मराठी बोलणारे. अव्वा त्यांच्या शेतात खुरपायला जायची. मला वाटलं, ओळखीचे आहेत, एक शब्द टाकतील. ते बोलले, पण शेजारच्या माणसाशी. "सगळ्यांना सगळं फुकट म्हटल्यावर असंच होणार. सरकार कुठवर पुरं पडणार? आणि फुकट मिळालं की त्याची किंमत राहत नाही माणसाला." मग अव्वाकडं वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, नियम आहे तो. त्यांचा काय दोष?"

"व्हय गुरुजी," अव्वा म्हणाली.

आणि मीही मान डोलावली. सांगायला लाज वाटते, पण डोलावली. बहीण तिथं डोकं धरून कण्हत होती आणि मी गुरुजींना व्हय म्हणत होते. इतकी भीती अंगात मुरलेली असते. पाच मिनिटांत शिपाई आला आणि गुरुजींना आतल्या दारानं डॉक्टरांकडं घेऊन गेला. ना खिडकी, ना कार्ड. त्यांच्या औषधपाण्याचं बिल सरकार भरतं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ते त्यांच्या हक्काचं. आमचं तेवढं फुकटाचं. पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा डोक्यात फक्त झटके होते.

दहा वाजता झेरॉक्स आणा म्हणाले. आणली. मग पलीकडचं तपासणीचं पुस्तक बघितलं आणि हे इथं चालत नाही म्हणाले. मी आत जाऊन एका सिस्टरला सांगितलं, "तिला दिसंना झालंय, जरा बघा की." त्या म्हणाल्या, "चिठ्ठी आणा, मग बघते." चिठ्ठी खिडकीत. खिडकीत महाराष्ट्र.

अकराच्या सुमाराला बहीण म्हणाली, "अक्का, तू कुठं हायस?" मी तिच्या समोर बसले होते. तिचा हात माझ्या हातात होता.

मी पळत खिडकीकडं गेले. काय बोलले आठवत नाही, बहुतेक रडलेच. बाकीच्या बायांनीही गलका केला. तेव्हा तो माणूस बाहेर आला. हातात एक कागद, शाईचा पॅड. आवाज एकदम मऊ. "हे बघा, भांडून काय उपयोग? गाडी देतो तुम्हाला. उदगीरला जावा, तुमचं तिथं सगळं फ्री होतंय. इथं फक्त अंगठा करा."

गाडी म्हटल्यावर अव्वाच्या जिवात जीव आला. तिनं "देव भलं करो" म्हणत अंगठा पॅडवर दाबलासुद्धा.

कागद कानडीत होता.

अव्वाला वाचता येत नाही. आमच्या गावात सातवीपर्यंत मराठी शाळा. पुढं शिकायचं तर कानडी हायस्कूल. मी तिथं तीन वर्षं काढली. माझे उच्चार ऐकून वर्ग खिदळायचा. तिथले मास्तर मला मुद्दाम उभं करून धडा वाचायला लावायचे, वर्गाला गंमत म्हणून. त्या भाषेचा मला राग होता. दहावी झाल्यावर पुस्तकं रद्दीत घातली. त्या दिवशी फरशीवर बसून मी तो कागद एकेका अक्षराला बोट लावून वाचला.

लिहिलं होतं, रुग्णाला आम्ही स्वतःच्या मर्जीनं, डॉक्टरांचा सल्ला न मानता, दवाखान्यातून नेत आहोत. पुढं रुग्णाचं काही बरंवाईट झाल्यास दवाखाना जबाबदार नाही.

मी परत वाचलं. स्वतःच्या मर्जीनं. डॉक्टरांचा सल्ला न मानता. कुठला डॉक्टर? दोन तासांत तिच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता.

अव्वाचा अंगठा कागदावर टेकणारच होता. मी तिचं मनगट धरलं.

"काय करायलीस?" अव्वा घाबरून म्हणाली. "गाडी द्यायलेत की!"

"न्हाई अव्वा. न्हाई करायचा."

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. शूर बाई असते तर ताठ उभी राहून बोलले असते. मी बसूनच बोलले, कारण उठता येत नव्हतं. पण बोलले. आधी मराठीत आणि मग त्याच मोडक्या कानडीत, ज्याला वर्ग हसायचा.

"आम्ही न्हाई नेत तिला. तुम्ही हाकलायलाव. तसं लिवा, मग अव्वा अंगठा करंल."

रांगेत कुणी हसलं नाही. तो ओरडला, "जास्त शिकलीस का? पेशंट मेला तर तुझ्यामुळं मरंल!" हे वाक्य मात्र थेट आत गेलं. ते अजून तिथंच आहे.

आणि तेवढ्यात तिला झटका आला.

मी ते लिहू शकत नाही. फरशीवर आपटणारी तिची टाच आणि तोंडातून येणारा फेस, एवढंच लिहिते. मग सगळे पळाले. स्ट्रेचर आलं. डॉक्टर आले. सिस्टर इंजेक्शन भरत होत्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही. कार्ड कुणी मागितलं नाही. सगळं होतं तिथं. औषध होतं, खाट होती, डॉक्टर होते. नऊ वाजताही होतेच.

मूल मेलेलं निघालं. मुलगी होती.

बहीण दोन दिवस शुद्धीवर नव्हती. दोन दिवस अव्वा माझ्याशी बोलली नाही. मी व्हरांड्यात बसून एकच हिशेब करत होते, अंगठा करू दिला असता तर? गाडी वेळेवर मिळाली असती तर? मीच मारलं का त्या लेकराला? तिसऱ्या दिवशी त्याच सिस्टर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "उदगीरला निघाला असता तर ती रस्त्यातच गेली असती. तू अंगठा करू दिला न्हाईस, बरं केलंस. मी म्हणलं म्हणून सांगू नको कुणाला." त्यांनाही भीती. त्या दवाखान्यात भिंतीसुद्धा भिऊन उभ्या आहेत की काय, असं मला वाटलं.

बहीण जगली. तिला दिसायला लागलं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा पोटावर हात फिरवला आणि आमच्याकडं बघितलं.

मी तक्रार लिहिली, कानडीत. चार वेळा फाडली आणि पाचव्यांदा जिल्ह्याच्या ऑफिसात पाठवली. घरात सगळ्यांचा विरोध. अप्पा, म्हणजे वडील, म्हणाले, "मोठ्या लोकांच्या नादी लागू नको, उद्या परत त्यांच्याच दारात जायचंय."

काही महिन्यांनी त्याच दवाखान्यात चौकशीला बोलावलं. तोवर मला दिवस गेले होते. माझंही पहिलंच. सासर ह्याच तालुक्यात आहे आणि पोट दिसायला लागलं होतं. जिल्ह्याहून आलेले साहेब चांगले होते, मला खुर्ची दिली. त्यांनी दवाखान्याचं म्हणणं वाचून दाखवलं: रुग्णाला नातेवाइकांनी उशिरा आणले. अशिक्षितपणामुळे कागदपत्रे नव्हती.

मी म्हणाले, "नऊला आणलं होतं साहेब. उशीर दवाखान्यात झाला."

ते म्हणाले, "बाई जगली ना? मग ताणून काय मिळणार? मागं घे. असं सगळ्यांनाच सगळं ताबडतोब द्यायचं म्हटलं तर यंत्रणा कोलमडेल."

मी नाही म्हणाले. बाहेर आले तर तो खिडकीतला माणूस जिन्यात उभा होता. माझ्या पोटाकडं बघून हसला. आवाज तसाच मऊ.

"तुझं बी बाळंतपण व्हायचंय की आता. इथंच येशील न्हवं? ध्यानात ठेव."

मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. बस सुटल्यावर बाळ हललं आणि मी पदरात तोंड घालून रडले. भीतीनं रडले, दुसरं काही नाही.

तेव्हापासून रोज भिते. आता आठवा संपत आलाय. सकाळी उठले की आधी पाय दाबून बघते, सूज आहे का. डोकं जरा जड झालं की डोळ्यांसमोर बोटं धरून दिसतंय का बघते. नवरा म्हणतो, भालकीला खासगीत जाऊ, म्हैस विकू. अव्वा म्हणते, पलीकडं बहिणीकडं जा. बहीण आली की तीही आधी माझे पाय दाबून बघते.

म्हैस विकून मी वाचेन. पण हद्दीवरच्या सगळ्याच बायांच्या दावणीला म्हैस नाही. मी दुसरीकडं गेले तर त्या माणसाचं खरं होतं. तो दवाखाना त्याचा होतो, आणि जिन्यातली धमकी पुढच्या बाईला पुरते.

सासरच्या कार्डात माझं नाव आहे. पण मी कार्ड घरी ठेवून जाणार आहे. कार्ड नसलेल्या बाईला ते काय करतात, ते मला सगळ्यांच्या देखत बघायचं आहे. तक्रार मी मागं घेतलेली नाही. कळा सुरू झाल्या की मी त्याच दवाखान्यात जाणार, त्याच खिडकीसमोर उभी राहणार. भीत भीत जाणार. पण तिथून मला हलवायचं असेल तर चौघांनी उचलूनच बाहेर टाकावं लागेल. स्वतःच्या मर्जीनं मी तिथून निघणार नाही.