नूतनचा पितळी डबा

मेहरूणच्या योगराजला लेखक व्हायचं होतं, आणि त्यासाठी लिहिणं सोडून बाकी सगळं तो मनापासून करत होता. दीपनगरच्या वीजकेंद्रातली नोकरी संपल्यापासून दर रविवारी तो मगनच्या जुन्या सामानाच्या दुकानात प्रेरणा शोधायला जायचा. बंद घड्याळं, बिनकाचेचे चष्मे, एकदा तर मराठी टाइपरायटर. वरची खोली भरली, कागद कोरे राहिले. टाइपरायटरच्या बदल्यात त्याने माळ्यावरचं जुन्या भांड्यांचं पोतं देऊन टाकलं होतं. ते उघडून बघण्याएवढी सवड कलावंताला कुठली!

चैत्र संपता संपता मगनकडे एक पितळी डबा हाती लागला. झाकण पुसलं आणि त्याचं अवसानच गळालं. वर कोरलं होतं, 'चि. नूतन हिस लग्नात भेट, योगराजकडून.' नूतन म्हणजे धाकटी बहीण, नरडाण्याला दिलेली. तिने भावाची भेट मोडीत काढली! त्याला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोला, त्याच क्षणी आनंदही झाला. प्रेरणा सापडली होती.

'हा डबा कोणी आणला?' एवढं मगनला विचारलं असतं तर काम भागलं असतं. पण खरं कळलं की गोष्ट मरते, असं योगराजचं ठाम मत होतं. त्याने डबा विकत घेतला, चिंच लावून लख्ख घासला, टाइपरायटरशेजारी मांडला आणि 'निर्दय बहीण' लिहायला बसला. स्वतःच्याच वाक्यांवर दोनदा रडलासुद्धा. बायकोला, कामिनीला, त्याने यातलं काही कळू दिलं नाही.

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली. दरवर्षी तो मुराळी होऊन नूतनला माहेरी आणायला जायचा. यंदा गुडघ्याचं निमित्त करून घरीच बसला. फोनही केला नाही. ती गोड बोलली असती तर शेवटचं पान बिघडलं असतं.

सणाच्या सकाळी नूतन एकटीच एसटीने आली. डोळे सुजलेले.

"दादा, कालदिनपाईन वाट देखी. काबरं उना नही?"

"गुडघा," योगराज पुटपुटला.

चहा झाला, आखाजीचा झोका झाला, थोडं रडून झालं. मग नूतन कामिनीला म्हणाली, "वहिनी, मागला सालले बिबडा भरीसन दिन्हा व्हता, तो मना पितळना डबा दी दे ना."

"ते ज्वारीचे पापड संपल्यावर माळ्यावरच्या पोत्यात जपून ठेवलाय की," कामिनी म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं.

योगराजच्या तोंडचं पाणी पळालं. तो गुडघा विसरून जिना चढला आणि डबा घेऊन खाली आला.

"दादा, कसा घासीसन ठेयेल शे रे!" नूतनचे डोळे पुन्हा भरले.

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण धीर झाला नाही. कामिनीला सगळं उमगलं होतं. ती एवढंच म्हणाली, "भरलेला आला होता, रिकामा देऊ नका." आणि तिने त्यात सांजोऱ्या भरल्या.

'निर्दय बहीण' त्याने स्वतःच्या हाताने चुलीत घातली. दोन दिवसांनी नूतनला पोचवायला निघाला, तेव्हा डबा सबंध वाटभर मांडीवर धरून बसला. नूतन शेजारच्या बाईला कौतुकाने सांगत होती, "मना भाऊ लेखक शे. बठ्ठासना मन वळखस."

सगळ्यांचं मन ओळखणाऱ्या योगराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.