पत्र्यावरची माती

गाव धरणात जायचं ठरलं, तेव्हा लोकांनी ट्रॅक्टरवर भांडी, कोठ्या, दारं-चौकटी चढवल्या. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घराचं मातीचं माळवद उतरवलं आणि तुळईबरोबर वरची पांढरी मातीही पोत्यांत भरून घेतली. सगळे हसले. अण्णा म्हणाले, "शहरात पत्र्याची घरं असत्यात म्हणं. पत्र्यावर माझा भरवसा नाय."

भरवसा तसा त्यांचा कशावरच नव्हता, आणि तो गुण मी पुरेपूर उचललाय. शहरात गारखेड्याला घरमालक हमीदचाचांनी घासाघीस न करता पत्र्याची खोली भाड्याने दिली, तेव्हाच आम्हाला शंका आली.

आईला गावातही धाप होती, पण बेताची. मातीच्या जाड छपराखाली थंडी शिरत नसे. गारखेड्यातल्या पहिल्याच हिवाळ्यात पत्र्याला आतून पाणी सुटायचं आणि पहाटे अंथरुणावर टपकायचं. गोधड्या ओल्या, भिंती ओल्या, आणि आई रात्रंदिवस खोकत भिंतीला टेकून बसलेली. आडवी झाली की श्वास अडकायचा. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण खोली ऊबदार ठेवा." औषध द्यायचं सोडून हा घरात का डोकावतो, म्हणून अण्णांना त्यांचाही संशय. मला मात्र आई जाते की काय, याचीच भीती वाटायची.

शेवटी अण्णांनी पत्र्यावर तुराट्या अंथरल्या, पोती रिकामी केली आणि गावातल्यासारखी माती चोपून बसवली. टपकणं थांबलं. पण दोन-चार दिवसांत पत्र्याचं पोट खाली आलं आणि हमीदचाचा ओरडत आले, "अरे भाई, पत्रे पे मट्टी कायकू डाले? दबके मरते ना सब!"

खोली गेलीच, असं समजून मी भांडी आवरायला घेतली. चाचा आत येऊन वर बघू लागले, मग त्यांची नजर आईकडे गेली. ती कितीतरी दिवसांनी आडवी पडून झोपली होती. चाचांचा आवाज खाली आला. अंगणात पडलेली आमची तुळई दाखवून ते म्हणाले, "इसकू नीचे लगाव."

दुसऱ्या दिवशी ते सुतार घेऊन आले आणि टेकू देऊन तुळई बसवली. अण्णांनी त्यांच्यावरची नजर काढली नाही. "फुकट कोण करतंय?" हेच त्यांचं चालू. पुढच्या थंडीआधी चाचांनी आपल्याही पत्र्यावर माती टाकायला अण्णांना बोलावलं, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणलं नव्हतं? मतलब व्हता!"

अण्णा आता नाहीत. मी गारखेड्यातच फ्लॅट घेतला, तोही मधल्या मजल्यावरचा, भिंतींवर थापट्या मारून पारखलेला. ओल नाही, थंडी नाही. पाण्याने उठवलेली आपली माणसं कुठं कुठं पांगली. कुणी भेटलं की मी नवं घर केवढं ते विचारत नाही. घरात पहाटे कोण खोकतं का, एवढंच विचारते.

माझ्या घरात कुणी खोकत नाही, आणि तेच मला खुपतं. भिंती जाड आहेत म्हणून ऐकू येत नाही, की आई खरंच बरी आहे? मी सारखी तिचं दार किलकिलं करून बघते. आई गोधडीत आडवी असते. डोळे न उघडता म्हणते, "दार लाव गं. गारठा आत येतोय."