मत घेऊन निघालेल्या बाई

हॉलंडमध्ये युट्रेख्टहून रॉटरडॅमला जाताना गाडीत समोर सत्तरीच्या एक इंग्रज बाई बसल्या होत्या. मांडीवर पेपर पसरून त्या संत्रं सोलत होत्या. पहिल्याच पानावर ब्रिटनच्या निवडणुकीचा सर्व्हे छापला होता आणि सालं नेमकी त्याच्यावर पडत होती. मधूनमधून त्या कोटाचा आतला खिसा चाचपायच्या.

न राहवून मी विचारलंच.

"मतपत्रिका आहे. टपालानं वेळेत पोचायची नाही. बोटीनं जाऊन स्वतः देऊन येते." मत कुठल्या पक्षाला, तेही त्यांनी सांगून टाकलं.

"तो तर सपाटून हरणार, असं तुमच्याच पेपरात आहे," मी म्हणालो.

"त्यांनी मला कुठे विचारलंय? म्हणून तर सांगायला निघालेय."

अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवून त्यांनी सालांसकट पेपर चुरगाळला आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबला.

निकाल पेपरात होता तसाच लागला. मला मात्र पुण्यातला मतदानाचा दिवस आठवत राहिला. तेव्हा मी सुट्टीवर घरीच होतो. चॅनेलवाल्यांनी निकाल आधीच सांगून टाकलाय, म्हणून सोफ्यावरून हललोही नव्हतो.

मतदान केंद्र समोरच्या शाळेत होतं.