पडल्यावरची नजर

काल फिल्म क्लबात दोन जुने मूकपट पाहिले. पहिल्यात एक विनोदी नट शिडीवरून हौदात पडतो आणि उठताना क्षणभर पडद्याबाहेर, उजवीकडे बघतो.

“दिग्दर्शकाला विचारतोय, जमलं का म्हणून,” बायको कुजबुजली.

दुसरा मूकपट त्याने पुढे स्वतःच दिग्दर्शित केलेला. त्यातही तो पडला, उठला, आणि नजर उजवीकडेच गेली. अरे बाबा, आता तिथे कोण आहे? दिग्दर्शक तूच ना!

सगळे हसत होते. मी नुसता चुळबुळत होतो.

मुख्याध्यापक झाल्यापासून माझंही हेच होतं. शाळेत भाषण संपलं की नजर आपोआप जुन्या सरांच्या खुर्चीकडे वळते. ते मान डोलवायचे. ती खुर्ची आता माझी आहे, आणि मी बोलायला उठलो की रिकामी असते.