शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आमच्या यांचा उजवा पाय कधी स्वस्थ बसत नाही. बसमध्ये असले तरी पुढच्या सीटखाली तो काहीतरी दाबत असतो, जेवताना टेबलाखाली दाबतो, झोपेत मला लाथ बसते ती वेगळीच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि हा माणूस आमच्या लग्नाच्या आधीपासून त्या ब्रेकवर पाय ठेवून बसलाय. सगळा जन्म गाडीत गेला, पण चालवणारं कायम दुसरंच कुणीतरी. आमची मुलं त्यांना ब्रेकमास्तर म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण यांना ठाऊक आहे.

लोकांना वाटतं, नुसतं बसून तर शिकवायचं, त्यात दमायला काय झालं? मीही तसंच म्हणायचे. मग एकदा हे माझ्या बहिणीला शिकवत होते तेव्हा मी हौसेनं मागे जाऊन बसले, आणि उतरले तेव्हा माझी मान आखडली होती. समोरच्याची चूक होण्याआधी ती ओळखायची, आणि ओळखूनही जराशी होऊ द्यायची, नाहीतर तो शिकणार कधी? सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. हे घरी आले की बुटांसकट खुर्चीत बसतात आणि हो-नाही मानेनंच सांगतात. मी कितीदा म्हटलंय, अहो, भांडायला तरी तोंड उघडा.

त्यात भर म्हणजे स्कूलमधला दुसरा शिकवणारा नोकरी सोडून गेला आणि मालकांनी त्याच्याही बॅच यांच्याच गळ्यात मारल्या. वर तंबी दिली, गाडी पुन्हा कुठे ठोकली तर दुसरं काम बघा. या वयात दुसरं काम काय झाडाला लागलंय?

त्यातल्याच एका बॅचमध्ये ग्रंथपाल बाई होत्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या, बोलणं हळू, लायब्ररीत बसल्यासारखं. नवऱ्याची एक बाजू अर्धांगवायूनं गेलेली, त्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागायचं. गाडी दारात आणि चालवणारा अंथरुणावर. दर खेपेला शेजाऱ्यांची मनधरणी करायची, आणि शेजारी हल्ली बेल वाजली की टीव्हीचा आवाज बंद करून गप्प बसायचे. म्हणून बाईंनी स्वतःच शिकायचं ठरवलं. आमचे हे शिष्यांचं कौतुक करणाऱ्यांतले नव्हेत. पण एकदा चहा पिताना आपणहून म्हणाले, "बाई घाबरतात, पण स्टेअरिंग काय सरळ धरतात गं!"

पुढचं मला मागाहून कळलं, तेही यांच्या तोंडून काढावं लागलं. दुपारची वेळ, जेवण झालेलं, काचेतून ऊन मांडीवर आलेलं. रस्ता सरळ आणि रिकामा. बाई इतकं छान चालवत होत्या की यांना करायला काही उरलंच नव्हतं. तेवढ्यात यांचा डोळा लागला. दचकून जागे झाले, आणि समोर काय आहे हे कळायच्या आत सवयीनं हात गेला आणि स्टेअरिंग आपल्या बाजूला ओढलं. कडेला चष्म्याच्या दुकानासमोर दुकानदाराची पांढरी गाडी उभी होती. तिची रस्त्याकडची दोन्ही दारं खरवडत यांची गाडी पुढे गेली.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरांनी स्टेअरिंग ओढलं म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं त्यांना वाटलं. "अगं बाई! माझ्याकडून लागली का हो?"

यांनी आरशात पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हणाले, "चला, पुढे घ्या."

हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. स्कूलच्या गाडीवर आधीच एवढे ओरखडे की मालकांना नव्याचा पत्ताही लागला नाही. सगळं कसं बिनबोभाट पार पडलं.

दोन-चार दिवसांनी बाईंचा फोन आला, तो मी घेतला. "मास्तरांना सांगा, मी आता येणार नाही. हे माझं काम नव्हे. उद्या माझ्या हातून एखादं माणूस गेलं तर?" मी जेवणाच्या टेबलाशी येऊन निरोप सांगितला. हे भाजीकडे बघत राहिले. आणि त्या दिवसापासून यांचा पाय हलायचा थांबला. टेबलाखाली शांत, अंथरुणात शांत. इतकी वर्षं त्या पायाला नावं ठेवली, पण तो थांबल्यावर मला झोप येईना. मग मी पिच्छाच पुरवला, तेव्हा कुठे हे सगळं बाहेर आलं.

"जा त्या चष्मेवाल्याकडे," मी म्हटलं. "आजच्या आज."

आज गेला, उद्या गेला. शेवटी सुट्टीच्या दिवशी हे गेले, आणि परत आले ते पाय ओढत.

"काय म्हणाले?"

"बाई आधीच जाऊन आल्यात. स्वतःहून. दारं दुरुस्त करून देते म्हणाल्या. मास्तर थांबा थांबा म्हणत होते, मीच घाबरून पुढे नेली, त्यांना बोल लावू नका, असंही सांगून आल्या." हे खाली बसले. "तो चष्मेवाला मलाच म्हणतो, कसली विद्यार्थिनी मिळालीय तुम्हाला!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"चष्म्याची दांडी सैल झाली होती. घट्ट करून घेतली आणि आलो."

असा राग आला म्हणून सांगू! "म्हणजे त्या दिवशी गाडीतून पळालात, आणि आज पायी?"

यांनी वाकून बूट काढले. मग अगदी हळू म्हणाले, "दमलोय गं मी."

मला रडू आलं. दमलेत हे मला का दिसत नव्हतं? त्यांचं दमणं माझ्याइतकं कुणी पाहिलंय? पण म्हटलं, "तुम्ही दमलात, कबूल. आणि ती बाई तुमची चूक डोक्यावर घेऊन फिरतेय, ती दमत नसेल?"

दुपारी दोघं बाईंच्या घरी गेलो. मी नसते तर हे कोपऱ्यावरूनच वळले असते, म्हणून मी. बाई दारातल्या गाडीत बसलेल्या होत्या, इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. आम्हाला पाहून ओशाळल्या. "तुम्हीच सांगितलं होतं ना मास्तर, रोज थोडा वेळ सुरू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते. विकायची म्हणतोय आता. विकेपर्यंत तरी नीट राहू दे."

यांनी खिडकीशी वाकून सांगितलं. वळणं न घेता, क्लच-ब्रेक समजावतात त्याच सुरात. "बाई, त्या दिवशी मला झोप लागली होती. दचकून मीच स्टेअरिंग ओढलं. हात माझा होता. तुम्हाला चला म्हणालो, तेही मीच."

बाईंनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार, आणि सुटायलाच हवा होता. पण त्या नुसत्या समोरच्या काचेतून बघत राहिल्या.

"म्हणजे मी सरळ चालवत होते?"

"अगदी सरळ."

"आणि मी रात्र रात्र डोळे मिटून तोच रस्ता बघतेय. हात कुठे वळला, कसा वळला." त्यांचा आवाज चढला, माझ्यासमोर तरी पहिल्यांदाच. "शेजारी दार उघडेनात, मी स्टेअरिंगला हात लावेना. यांना दवाखान्यात नेणं बंद झालं, मास्तर! बरा होत आलेला पाय पुन्हा आखडला!"

हे मान खाली घालून उभे राहिले. मीही.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि घराकडे वळून एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की मी दचकले. "अहो, ऐकलंत का? मी सरळच चालवत होते!"

आतून काहीतरी अस्पष्ट उत्तर आलं. ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

"बसा," त्या यांना म्हणाल्या. "त्या चष्मेवाल्याकडे जायचंय. गाडी मी चालवते. बोलायचं तुम्ही."

मी मागे बसले. हे शेजारच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून. गाडी फाटकाबाहेर निघाली आणि यांचा उजवा पाय खाली काहीतरी शोधू लागला. त्या गाडीत तिथे ब्रेक नव्हता.